चेअरमनच्या गाडीचं ठिगळ

त्र्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत आमच्या नियोजित सहकारी साखर कारखान्याकडं एक चेअरमन होता, एक पाटी होती आणि एक गाडी होती. ऊस नव्हता, पाणी नव्हतं आणि खरं सांगायचं तर कारखानाही नव्हता. विहिरींचे तळ उघडे पडलेले, निम्मा जिल्हा दुष्काळी कामावर खडी फोडतोय, आणि आमचे चेअरमन आण्णासाहेब गावोगाव हिंडून सांगतायत की इथं साखर होणार. मी मान डोलवायचो. व्हय, होणार. चेअरमनच्या गाडीचं काम माझ्या गॅरेजात यायचं, मग न्हाय कसं म्हणायचं?

मी धोंडप्पा. तुळजापुरात सोलापूरच्या रस्त्याला माझं गॅरेज. गॅरेज म्हणजे वर चार पत्रे, मधी एक खड्डा आणि बाहेर बसायला एक बाकडं. सोलापूरला हमीद उस्तादांच्या हाताखाली नऊ वर्षं पाने उचलले, तवा कुठं लोक मला मिस्त्री म्हणायला लागले. बायको म्हणते तुमचा स्वभाव तापट. तिचं काय जातंय? मला गाडीबरोबर गाडीच्या मालकाचं डोकंही दुरुस्त करावं लागतं, आणि त्याचा पाना अजून बाजारात आला न्हाय.

गाडी मात्र गाडी होती बरं का! पंचवीस वर्षांची अमेरिकन, काळी कुळकुळीत, हैदराबादकडच्या कुठल्याशा जहागीरदाराच्या पोरांनी विकायला काढलेली. तिच्या मागच्या सीटवर आण्णासाहेब बसले की निम्मी सीट भरायची, आणि उरलेल्या निम्म्यात दोन संचालक कोंबून बसायचे. ताशी चाळीस मैलांपर्यंत ही बाई लोण्यावरून चालल्यागत चालायची. बेचाळीसला पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा. पंचेचाळीसला मागची सीट थरथरायची आणि पन्नासला आण्णासाहेबांचे गाल. एकदा तसल्या वेगात ते संचालकांना दुष्काळावर काहीतरी सांगत होते, तर त्यांचा आवाजच कापायला लागला. संचालकांना वाटलं साहेब गहिवरले. एकानं तर डोळे पुसले म्हणे.

हे सगळं दसऱ्यापासून सुरू झालेलं. चार महिने त्यांनी सोसलं. पण आता भूमिपूजनाला मुंबईहून उपमंत्री येणार होते, सोमवारी, आणि सोलापूर स्टेशनावरून त्यांना ह्याच गाडीतून आणायचं ठरलेलं. मंत्र्याचे गाल थरथरले तर कारखान्याचं लायसन कोण देणार?

मग काय, माझ्या बाकड्यावर आख्खं संचालक मंडळ निदान करायला बसलं. एक म्हणाला रस्ता खराब, दुष्काळी कामावरल्या बायकांनी खडी नीट बसवली न्हाय. दुसरा म्हणाला पेट्रोलात रॉकेल हाय. कल्याणप्पा नावाचे एक जाडे संचालक डोळे मिटून बोलले, "गाडीला जुन्या मालकाची आठवण येत असंल." ह्या माणसाला लोकांनी मतं देऊन निवडून आणलेलं, सांगून ठेवतो.

आणि आण्णासाहेबांचा पुतण्या बब्रुवान म्हणाला, "ड्रायव्हर बदला. गाडी आपोआप नीट व्हईल."

नवा ड्रायव्हर कोण, हे त्यानं सांगितलं न्हाय. सांगायची गरजही नव्हती. तो वर्षभर आरशात बघून हॉर्न वाजवायचा सराव करत होता.

ड्रायव्हर म्हणजे मच्छिंद्र. लोहाऱ्याकडचा. अकरा वर्षं मिलिटरीत ट्रक चालवून आलेला, गडी कमी बोलणारा, गाडीत बसायच्या आधी चारी चाकांना हात लावून बघणारा. त्याची म्हातारी भिमाबाई लोहाऱ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. मच्छिंद्राचा पगार होता म्हणून त्याची बायको आणि शाळेतली दोन पोरं त्या खडीपासून लांब होती. ही नोकरी गेली तर सगळं घरच हातोडा घेऊन रस्त्यावर बसणार, हे मला ठाऊक होतं, बब्रुवानलाही ठाऊक होतं.

आण्णासाहेब मच्छिंद्राच्या हातात कधी किल्ली देत नसत. बोनेटवर ठेवायचे, मग त्यानं उचलायची. का, ते कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. किल्ली बोनेटवर ठेवणार आणि स्वतःचा जीव मागच्या सीटवरून त्याच्याच हातात देणार. मोठ्या माणसांचं गणित मोठंच असतं बाबा.

तर बब्रुवाननं दोष काढला तो असा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही हत्यारं, पाने, मोटारी सगळं धुऊन पुसून पूजतो. आणि मच्छिंद्र दर दसऱ्याला नागपूरला जातो, दीक्षाभूमीवर. त्याच्या बापानं छप्पन साली तिथं दीक्षा घेतली, तवापासून त्यांच्या घरचा नेम. म्हणजे पूजेच्या दिवशी ड्रायव्हर हजर नव्हता.

"पूजेला ड्रायव्हर न्हाय, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी कापायला लागली," बब्रुवान म्हणाला. "आता ह्याच्यापुढं मिस्त्री काय तपासणार?"

संचालकांनी माना हलवल्या. मीही हलवली असंल. सवय असते ओ.

खरं म्हणजे नागपूरहून आल्याच्या तिसऱ्या दिवशीच मच्छिंद्र माझ्याकडं आला होता. "मिस्त्री, गाडी कापतीय. म्या नसताना गाडीला काय केलं?" मी चिडून म्हणालो होतो, "पूजा केली. तुझ्यागत पळून न्हाय गेलो." तो तसाच निघून गेला.

आण्णासाहेबांनी निकाल दिला. "धोंडप्पा, शनिवारपर्यंत गाडी नीट कर. आणि बिघाड कुणामुळं झाला ते चारचौघांत सांग. ड्रायव्हरचा दोष असंल तर शनिवारीच किल्ली बब्रुवानकडं."

ते उठून गेल्यावर बब्रुवान मागं राहिला. माझ्या खांद्यावर हात टाकला, म्हणजे काहीतरी लबाडी असणार हे कळलंच. "मिस्त्री, तुमी फक्त एवढंच म्हणायचं, ड्रायव्हरनं दामटून दामटून गाडी खिळखिळी केली. उद्या कारखाना उभा राहिला की सगळे ट्रॅक्टर तुमच्याच दारात."

"कारखाना उभा राहू द्या की आधी," मी म्हणालो. पण ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले, खोटं कशाला सांगू? लाल रंगाचे, ओळीनं.

गुरुवारी सकाळी मी आणि मच्छिंद्र तामलवाडीकडं निघालो. तिकडचा रस्ता सरळ आहे, वेग धरता येतो. मच्छिंद्रानं निघताना अर्धा ग्लास पाणी घेतलं आणि दोन सीटांच्या मधी पत्र्यावर ठेवलं. आम्हाला निरोप द्यायला आलेले आण्णासाहेब ओरडले, "दुष्काळात गाडीला पाणी पाजताय व्हय रे!"

बेचाळीसला त्या पाण्यावर गोल गोल वलयं उठली. पंचेचाळीसला पाणी काठावरून उडायला लागलं. स्टिअरिंग मात्र शांत. पुढची चाकं बिघडली असती तर स्टिअरिंगनं हाताला मुंग्या आणल्या असत्या. इथं हात गप आणि बूड बेजार. म्हणजे रोग मधी न्हायतर मागं.

"आता न्यूट्रल कर," मी म्हणालो.

त्यानं पन्नासला गेअर काढला. इंजिन मंद झालं, गाडी नुसत्या जोरावर घरंगळत चालली. ग्लासातलं पाणी तसंच नाचत होतं. म्हणजे इंजिन निर्दोष, पेट्रोलातलं रॉकेलही निर्दोष. मच्छिंद्र हळूच म्हणाला, "मिस्त्री, ह्याच्यात माझा पाय बी निर्दोष झाला की. पाय तर पॅडलवर न्हायच."

मी म्हणालो, "गप गाडी चालव." खरं तर मला तो मुद्दा आवडला होता.

दुपारी चारी चाकं आलटून पालटून लावली. पुन्हा तामलवाडी. कापरं जिथल्या तिथं. आता उरली एकच गोष्ट. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारी लांब पोकळ नळी असते, गाडीच्या पोटाखाली, तिला आम्ही शाफ्ट म्हणतो. गाडी पळते तवा ती मिनिटाला हजारो फेरे घेते. तिच्या दोन्ही टोकांचे सांधे मी हलवून बघितले. घट्ट. वाकलीय का बघितलं. सरळ. शनिवार जवळ येत होता आणि गाडीत खोट सापडली न्हाय तर ती माणसात सापडणार होती.

शुक्रवारी मी हमीद उस्तादांची युक्ती काढली. गाडी खड्ड्यावर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा भाग ठोकळ्यांवर उचलला. मच्छिंद्र आत बसला. मी खड्ड्यात उतरलो, एका फळीवर कोपर टेकवलं आणि हातात शाळेतला पांढरा खडू धरला.

"पंचेचाळीस!" मी ओरडलो.

मागची चाकं अधांतरी भणाणायला लागली. फिरत्या शाफ्टाजवळ मी खडू नेला, जेमतेम टेकला न टेकला असा. "बंद कर!"

नळी थांबली. शाफ्ट सगळीकडून सारखा जड असता तर खडूची रेघ गोल उठली असती. ती उठली फक्त एका अंगाला, चार बोटं लांब. म्हणजे ते अंग जड. फिरताना नळी तिकडं फेकली जात होती. आणि एक अंग जड झालंय म्हणजे त्याच्या समोरचं अंग हलकं झालंय.

मी नळी अर्धी फिरवली. वरून तांबडा रंग दिलेला होता, छान गुळगुळीत. रॉकेलच्या फडक्यानं पुसला, खरवडला. खाली दोन बोटं रुंद जागा चकाकत होती, आणि तिच्यावर छिन्नीची तिरपी रेघ. छिन्नीच्या एका कोपऱ्याला खोच असली की लोखंडावर अशी रेघ उठते. तशी खोच आख्ख्या तुळजापुरात एकाच छिन्नीला होती, आणि ती छिन्नी माझ्या डोक्याशेजारी खिळ्याला टांगलेली होती.

मी खड्ड्यात खालीच बसलो.

सगळं आठवलं. खंडेनवमी. गाडी ह्याच खड्ड्यावर. दहा गाड्या धुऊन माझी कंबर मोडलेली, उदबत्त्या लागलेल्या, संचालक नवी धोतरं नेसून उभे. आण्णासाहेब जन्मात कधी गाडीखाली वाकले न्हाईत, त्या दिवशी वाकले. "धोंडप्पा, त्या नळीला काय चिकटवलंय?"

"तुकडा हाय जी, जोडलेला."

"म्हणजे ठिगळ? चेअरमनच्या गाडीला ठिगळ?"

संचालक हसले. आण्णासाहेबांचं तोंड उतरलं. "काढ ते. आज पूजा हाय."

हमीद उस्ताद म्हणायचे, शाफ्टावर तुकडा दिसला तर त्याला सलाम कर, हात लावू नको. नळीचा तोल राखायला कारखान्यात मोजून मापून बसवलेला असतो. मला ते त्या वेळी आठवलं न्हाय असं सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. आठवलं होतं. अगदी छिन्नी हातात घेताना आठवलं. पण नऊ माणसं बघत होती आणि चेअरमनला न्हाय म्हणायची जीभ मी घरी ठेवून आलो होतो. दोन घाव घातले, तुकडा पडला, कानस मारली, रंग दिला. वर स्वतःची समजूत घातली की असंल कुणाचं तरी जुनं ठिगळ. पोकळ नळी ती! तिच्यात पाणी न्हाय, हवा न्हाय, तिला कशाला लागतंय ठिगळ? एवढं तर माझ्या म्हशीलाही कळलं असतं.

पूजेला ड्रायव्हर नव्हता म्हणून गाडी कापायला लागली, हे बब्रुवानचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं बघा. मच्छिंद्र हजर असता तर त्यानं माझा हात धरला असता.

मच्छिंद्र खाली उतरला. वाकून त्यानं ती जागा बघितली, मग खिळ्यावरची छिन्नी बघितली. मग म्हणाला, "म्या आल्याआल्या तुमाला विचारलं होतं, मिस्त्री."

मला लाज वाटली.

रबरी नळीला आवळायच्या पट्ट्या असतात, स्क्रूच्या. त्यातल्या दोन मी हलक्या बाजूला आवळल्या. संध्याकाळी तामलवाडीपर्यंत जाऊन आलो. पंचेचाळीस. पन्नास. साठ! ग्लासातलं पाणी झोपी गेल्यागत पडून होतं. मच्छिंद्रानं परत येताना ते पिऊन टाकलं. उतरताना त्यानं एवढंच विचारलं, "उद्या काय सांगणार?"

"बघू," मी म्हणालो. असला भेकड शब्द दुसरा न्हाय.

माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते सांगतो, लपवत न्हाय. गाडी तर नीट झाली. सांधा सैल होता, आवळला, असं म्हणायचं. कुणाचं नाव न्हाय, गाव न्हाय. चेअरमनची अब्रू शाबूत, माझी शाबूत, ट्रॅक्टरही शाबूत. मच्छिंद्रावर तरी कशाला कोण बोट ठेवतंय?

शनिवारी सकाळी नऊ वाजता सगळे जमले. आण्णासाहेब बाकड्यावर बसले, शेजारी बब्रुवान, समोर संचालक. आण्णासाहेब आधीच एक चक्कर मारून आलेले, पन्नासनं. गाल जागच्या जागी होते.

"शाब्बास धोंडप्पा! काय होतं?"

"सांधा... जरा सैल होता जी. आवळला."

"बघा!" बब्रुवान उठलाच. "सांधा उगं सैल होतोय का? दामटल्यावरच होतोय. मी काय म्हणत होतो?"

आण्णासाहेबांनी मान डोलवली. "म्हणजे ड्रायव्हरनं बिघडवली आणि मिस्त्रीनं सुधारली. संपलं. मच्छिंद्र, किल्ली ठेव."

माझं खोटं इतकं सरळ चालत जाऊन मच्छिंद्राच्याच मानेवर बसेल, हे मला रात्रभर सुचलं नव्हतं. मी खरंच हुशार मिस्त्री.

मच्छिंद्रानं खिशातून किल्ली काढली. बाकड्यावर ठेवली, आण्णासाहेबांच्या शेजारी. माझ्याकडं बघितलंही न्हाय. बघितलं असतं तर कदाचित मी मान खाली घातली असती आणि सुटलो असतो.

"आण्णासाहेब," मी म्हणालो, "जरा पाय वर घ्या."

"का रे?"

"घ्या तर खरं."

त्यांनी पाय उचलले. मी वाकलो आणि बाकड्याच्या एका पायाखालून चपटा लोखंडी तुकडा ओढून काढला. चार महिने तो तिथं होता. खंडेनवमीला शाफ्टावरून पडला तवा मी तो फेकून दिला नव्हता. बाकडं डुगडुगायचं म्हणून पायाखाली सारला होता. तुकडा निघाला आणि बाकडं आण्णासाहेबांना घेऊन एका अंगाला कललं. त्यांनी बब्रुवानचा सदरा धरला, बब्रुवाननं कल्याणप्पांचा.

"हे ते ठिगळ," मी म्हणालो. "ठिगळ नव्हतंच. शाफ्टाचा तोल होता. तुमी काढ म्हणालात, मी काढलं. मला कळत होतं काढू नये, तरी काढलं. सांध्याचं आत्ता जे बोललो ते खोटं. गाडी तुमी आणि मी मिळून बिघडवली, आणि हा गडी त्या दिवशी नागपूरला होता. त्याचा दोष असलाच तर एवढाच, की तो इथं नव्हता."

कल्याणप्पांनी सदरा सोडवून घेतला. आण्णासाहेबांनी तुकडा हातात घेतला, उलटा पालटा करून बघितला. मला वाटलं आता माझं गॅरेज पत्र्यासकट उडणार.

"मंत्र्यांपुढं ह्यातलं एक अक्षर निघता कामा नये," शेवटी ते म्हणाले.

"ते मला का सांगता? मंत्र्यांबरोबर गाडीत मच्छिंद्र असणार."

बब्रुवाननं तोंड उघडलं, पण आण्णासाहेबांनी त्याच्याकडं असं बघितलं की ते आपोआप मिटलं. मग ते मच्छिंद्राला म्हणाले, "सोमवारी पहाटे सहाला निघायचं. किल्ली घे."

किल्ली बाकड्यावर पडली होती. मच्छिंद्र हात बांधून उभा राहिला. नुसता उभा. रस्त्यावरून एक एस.टी. गेली. संचालक आपापल्या चपला बघायला लागले.

आण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. त्यांनी किल्ली उचलली, बाकडं पुन्हा कललं, आणि त्यांनी ती मच्छिंद्राच्या हातात दिली. हातात. माझ्या डोळ्यांदेखत.

"सहाला," मच्छिंद्र म्हणाला आणि गाडीकडं गेला.

तुकडा मी त्याच दिवशी जुन्या जागी वेल्डिंगचा डाग देऊन बसवला. मंत्री आले, नारळ फुटला, सगळं झालं. कारखान्याचं म्हणाल तर ट्रॅक्टर अजून यायचेत. माझं बाकडंही डुगडुगतंय. त्याच्याखाली मी दुसरं काही सारलं न्हाय.

पुढच्या खंडेनवमीला आण्णासाहेब नवं धोतर नेसून, हार, उदबत्ती, संचालक असं सगळं घेऊन त्यांच्या वाड्यापुढं उभे होते. गाडी खड्ड्यावर न्यायची म्हणून मला बोलावलेलं.

"किल्ली कुठंय?" त्यांनी बब्रुवानला विचारलं.

बब्रुवाननं माझ्याकडं बघितलं. मीच तर आदल्या दिवशी मच्छिंद्राला नागपूरच्या एस.टी.त बसवून आलो होतो.

"नागपूरला," मी म्हणालो.

आण्णासाहेबांनी बोनेटला हळदकुंकू लावलं, लांबूनच.